जिजीच्या नावाचं बोट

मी कमल. शिरपूरकडच्या एका लहान गावातली, लग्न होऊन इथं सिल्वासाला आले, आमचे हे तेव्हा धाग्याच्या कंपनीत मशीनवर होते आणि टोकरखाड्याला चालीत, म्हणजे आपल्या चाळीत, एकच खोली होती. त्या खोलीत सासूबाई आधीपासून होत्या. त्यांना सगळे जिजी म्हणायचे, मीही जिजीच म्हणायचे. जिजी कंपनीतल्या पोरांना जेवण करून घालायची, आपल्याकडची पोरं, यूपीची पोरं, कुणी ताटात भाकरी टाकली की अशी बोलायची की पुढच्या वेळी पोरगं ताट चाटून पुसून ठेवायचं. मला तर काय सांगू तुम्हाला, भाजीला फोडणी कमी पडली तरी माहेरापर्यंत पोचायची. पण आमचे हे गेले तेव्हा गावाहून जेठ आले, यांचे थोरले भाऊ, म्हणाले, आई, आता इथं कोण आहे, चल गावाला. जिजी म्हणाली, कमल शे ना, मी आठेच ऱ्हासू. आणि इथंच राहिली. मी पॅकिंगला लागले, माझी पोर तिनं सांभाळली, कॉलेजपर्यंत नेली. नंतर अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मीच केलं. जेठ एकदा आले, केळी घेऊन, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

ती गेली तर तिला अँब्युलन्समध्ये घालून गावी नेली. मी म्हणाले, दमणगंगेच्या काठी इथंच करू, तिचं आयुष्य इथं गेलं. जेठ म्हणाले, अग्नी मोठा मुलगा देतो आणि गावात देतो. मी गप्प बसले. माणूस दारात पडलेला असताना भांडायचं का?

पण आखाजीला मी गप्प बसले नाही. आता आखाजीचं तुम्हाला सांगते. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सकाळी उंबरठा धुवायचा, कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन पाणी द्यायचं. त्यांच्या नावानं घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, आंबे ठेवायचे. मांडे करायचे. मांडे म्हणजे पुरणाची पोळी, पण हातावर झेलत झेलत मोठी करायची आणि चुलीवर उपड्या मातीच्या खापरावर टाकायची. जिजीनं ते खापर गावाहून एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. कंपनीतल्या तुटक्या पॅलेटची लाकडं जाळून चालीच्या मागं आम्ही दोघी मांडे करायचो. मला तिनं शिकवले. जेठाच्या घरी कुणाला येत नाहीत.

तर मी आखाजीच्या आधी फोन केला, म्हणाले, जिजीची पहिली घागर मी भरते. जेठ म्हणाले, घागर मोठ्या घरी भरतात, आणि तुझ्या घरात पुरुष आहे का? मग काय म्हणाले ऐका. म्हणाले, तू आदल्या दिवशी ये, मांडे करायला, आणि येताना खापर आण.

माझं घर चालत नाही, माझे हात चालतात. अंगाची आग झाली माझ्या. मी म्हणाले, भाऊ, खापर येणार नाही, मीही येणार नाही.

पण खरं सांगू का, जेठावर होता त्याहून जास्त राग मला जिजीचा होता. दर आखाजीला ती त्याच उंबरठ्यावर बोटं उमटवायची, सासऱ्याचं नाव, नवऱ्याचं नाव, मग माझ्या नवऱ्याचं. बाईचं एकही नाही. मी एकदा विचारलं, जिजी, तुमच्या सासूबाईंचं? तर म्हणाली, त्या माणसांच्या मागं येतातच, येगळं बोट कसाले वं? जन्मभर सगळ्यांना जेवू घालणारी बाई, आणि स्वतःला कुणाच्या तरी मागं उभी करून गेली. जेठ ते बोलणं कुठं शिकले मग? तिच्याच मांडीवर ना?

आखाजीच्या सकाळी मी उंबरठा धुतला. पहिलं बोट तिचं. आमच्यात सून सासूचं नाव घेत नाही, मी कधी घेतलं नव्हतं. मग मोठ्यानं म्हणाले, सखूबाई, घ्या पाणी. माझी पोर बघतच राहिली. त्याच्या शेजारी दुसरं बोट, जिजीच्या सासूचं, आणि मला त्या बाईचं नावच माहीत नाही. फोन करून विचारलं तर जेठालाही माहीत नाही. त्या बोटापुढं नुसतं पाणी सोडलं.

गेलेल्याच्या जागी कुणाला तरी जेवायला बसवतात. मी चालीतल्या रामप्रसादला बसवलं, यूपीचा, जिजीच्या हातचं खाऊन आता केस पिकले त्याचे. अर्धा मांडा खाल्ला आणि हात थांबला. म्हणाला, भाभी, कोई डांट नहीं रहा तो खाया नहीं जा रहा. मग मीच ओरडले त्याला, ताटात टाकू नकोस म्हणून.

त्या फोनपासून जेठ बोलत नाहीत. नका बोलू. जिजी, तुम्ही असाल तिथं सुखात राहा, तिथं तरी कुणी तुम्हाला आयतं वाढो. माझा राग गेलेला नाही, तो मी धरून ठेवलाय. आणि खापर इथंच आहे, फडक्यात गुंडाळून, माझ्या घरी.