सपाट बाजू खाली

“‘सपाट बाजू खाली ठेवजो,’ असं आमचे हे शेवटपरेंत सांगत.”

सोमवारच्या अभिषेकाआधी देवळासाठी नळ घ्यायला मी अमरावतीच्या हार्डवेअर दुकानात उभी होते. माझ्यापुढे मनकर्णाबाई, समोर दुकानदार धर्मेंद्र.

“काकू, मोठा पाइप लहानाले जोडाचा ना? मंग हा घ्या, मधोमध निमुळता. तुमी मांगता तो एका बाजूनं सपाट, एका बाजूनं उतरता; वाकडा दिसते.”

“वाकडाच पाह्यजे. कौंडण्यपूरच्या अन्नछत्रात वाफेवर भात शिजते. नव्या फिटरनं असाच देखणा तुकडा लावला. वाफेचं पाणी खाली साचते अन् पाइप धाडधाड वाजते. उद्या सांधा सुटला तं रांधणाऱ्या बाया भाजतीन.”

“तुमाले कोणं शिकवलं?”

“यायनंच. तीस वर्सं गिरणीत वाफेचे पाइप जोडले. जेवतानी वाटी तिरपी करून दाखवत. काठाशी पाणी अडते, तसंच पाइपात; पाइपाचं बूड सपाट, तं पाणी पुढं वाह्यते.”

“काका दरवेळी वाकडाच तुकडा मांगत, म्हून आमी तं त्यायले वाकडे मामा म्हणो.”

“तेबी हासत. ‘अन्नछत्रातला पाइप वाजू देऊ नको,’ म्हणाले जातानी. मी हो म्हटलं.”

“फिटर आयकन का तुमचं?”

“वाटी घेतली हाये सोबत.”

तो वाकडा तुकडा पिशवीत, वाटीशेजारी ठेवून त्या कौंडण्यपूरच्या बसकडे निघाल्या.