कानाचं यंत्र

“‘जरा डावीकडे, अजून थोडं, बस, आता धरून ठेव.’ पुरात लोकांना काढायला गेलो की दिवसभर हेच ऐकायचो मी.”

“अहो, हळू. सगळा दवाखाना ऐकतोय.”

“ऐकू दे. त्यांना येतंय ना ऐकायला.”

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बसलेलं ते वयस्क जोडपं.

“यंत्र बसवून घ्या म्हणते मी.”

“नको. अगं, हेलिकॉप्टर चालवणाऱ्याला पोटाखालचं छत दिसत नाही. दाराशी बसलेला जोडीदार दोर सोडतो आणि कानात सांगतो, तसं आपण हलायचं. त्या दिवशी बुडत्या घराच्या छतावर शेवटी एकच आजी उरली होती. तो म्हणाला, धरून ठेव. मी धरलं. मग तो गप्पच झाला.”

“माहीत आहे मला.”

“मी विचारत राहिलो, आली का वर? शेवटी म्हणाला, छतच गेलं. त्यानंतर या कानांनी काय ऐकायचं राहिलंय?”

“माझ्यासाठी बसवा. आणि रात्री काढायचं नाही.”

“तुझं बोलणं तर शेजाऱ्यांनाही ऐकू जातं. आणि झोपताना यंत्र कोण लावतं?”

“तुम्ही झोपेत विचारता, आली का वर. कधी बोलले नाही तुम्हाला. इतकी वर्षं मी दरवेळी म्हणत आले, आली हो, झोपा आता. एवढं म्हटलं की तुम्ही शांत व्हायचात. आता माझं उत्तर पोचत नाही तुमच्यापर्यंत. उजाडेपर्यंत विचारत राहता.”