समुद्राकडचा कोपरा

रोक्सॅन : त्या लाल रेषेला हात लावू नका. परक्या माणसाला ती उचलून फेकते, आणि नवा बाहुला असला की थेट समुद्रात.

आर्ने : मघाशी पडलो. दोनदा. कम्प्युटरवर बाहुला चालवायला आजच शिकतोय.

रोक्सॅन : बघितलं मी टेकडीवरून. म्हटलं हा एक तर नवखा आहे, नाही तर जेवणाआधीच घेऊन बसलाय. काय हवंय तुम्हाला?

आर्ने : जमीन. रेषेच्या आतली ही, लाकडी घर आहे ती. आजूबाजूला सगळीकडे तुमच्याच पाट्या दिसतात. 'रोक्सॅन पेल्तिए, प्लॉट मिळतील.' म्हणून तुम्हाला हाक मारली. किती घ्याल?

रोक्सॅन : या किनाऱ्यावर सोळा प्लॉट आहेत माझे, आणि तुम्ही नेमकं बोट ठेवलंत ते माझ्या नसलेल्यावर. तो कोपरा लेम्पी किवेलाचा. सात वर्षं मागतेय मी. कम्प्युटरमधलीच जमीन ती, पण बाई अशी धरून बसलीय की जणू बापानं नांगरून दिली होती.

आर्ने : मी तिचा नवरा. कॅनडातनं, थंडर बेहून बोलतोय.

रोक्सॅन : आर्ने? अरे मेल्या, मग हे काय सोंग घेतलंयस? जुना बाहुला कुठं गेला तुझा, पांढऱ्या मिशीवाला? आणि आज चक्क तोंडानं बोलतोयस. अकरा वर्षं नुसता टाइप करत होतास.

आर्ने : बाई, मी इथं पहिल्यांदाच आलोय.

रोक्सॅन : पुरे. लेम्पीला बोलाव. महिना झाला, दोघांचा पत्ता नाही.

आर्ने : लेम्पी गेली. नऊ मार्चला. पोटात गाठ होती.

रोक्सॅन : मला कुणी कळवलं नाही.

आर्ने : कोणाला कळवायचं ते मला माहीत नव्हतं. तिची इथली माणसं मी कधी विचारली नाहीत.

रोक्सॅन : माफ करा. मी आल्याआल्या अरे-तुरे केलं. पण तुम्हाला, म्हणजे त्याला, मी तसंच बोलायचे. तो ओट्यावर बसायचा ना. तिच्या शेजारी. टोपी, मिशी, डाव्या हाताचं एक बोट अर्धं.

आर्ने : माझं बोट अर्धं आहे. धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला होतो मी, तिथं गेलं.

रोक्सॅन : मग त्याला कोण चालवत होतं?

आर्ने : आमच्याकडे तिचे दोन कम्प्युटर होते. एक म्हणायची बिघडलाय. रोज संध्याकाळी दोन्हींचा उजेड दाराखालून यायचा. मी बाहेर हॉकी बघत असायचो.

रोक्सॅन : देवा.

आर्ने : दर हिवाळ्यात म्हणायची, ये ना, एकदा बघून जा, मी आपलं घर बांधलंय. मी म्हणायचो, नंतर. हवेतल्या जमिनीला महिन्याला पंचवीस डॉलर भरते म्हणून चारचौघांत हसायचो. म्हणून ही जमीन मला हवी आहे. त्यावर काय बांधलंय ते बघायचंय. तेवढंच.

रोक्सॅन : तिच्या अकाउंटमध्ये शिरा ना मग. विकत कशाला घ्यायला हवी?

आर्ने : ते बंद होतंय. मीच कळवलं. ती गेल्यावर यादी केली होती. बँक, पेन्शन, वाचनालय, चर्च, आणि ही कंपनी. एका दिवसात सगळ्यांना मृत्यूचा दाखला पाठवला. कंपनीचं पत्र आलं, खातं गोठवलंय, शुक्रवारी दुपारी तीनला कायमचं काढून टाकू.

रोक्सॅन : आज शुक्रवार आहे.

आर्ने : हो.

रोक्सॅन : कंपनीला दाखला पाठवलात. इथं कोणी असं करत नाही हो. माणूस जातो, पैसे भरणारं त्याचं कार्ड चालू असेतो घर उभं असतं. या किनाऱ्यावर निम्मे दिवे मेलेल्यांचे आहेत, आणि आम्ही सगळे गप्प बसतो. प्रामाणिकपणाची तुमच्या गावात काही किंमत असेल, इथं तो महाग पडतो.

आर्ने : लिलाव होईल ना पण? मी बोली लावीन. पैसे आहेत माझ्याकडे.

रोक्सॅन : जमीन मिळेल. घर मिळणार नाही. मालक गेला की कंपनी आधी प्लॉट झाडून घेते. भिंत, खिडकी, चमचा, सगळं. तुम्हाला मिळेल सपाट वाळू. आणि बोलीला मी समोर असणार होते, हेही सांगून ठेवते.

आर्ने : म्हणजे मी पुसलं ते.

रोक्सॅन : थांबा, जमिनीचा कागद बघू द्या. ... हं. जमीन लेम्पीच्या नावावर नाहीच. ग्रुपच्या नावावर आहे. घर, सामान, सगळं ग्रुपचं. सभासद दोन. लेम्पी आणि आर्ने.

आर्ने : मग वाचलं?

रोक्सॅन : अर्धं. तीन वाजता तिचं नाव गेलं की उरणार एक, आणि एकट्याचा ग्रुप दोन दिवसांत आपोआप मोडतो. त्याआधी त्या मिशीवाल्यानं आत यायचं आणि दुसरा सभासद घ्यायचा. पासवर्ड असेल कुठं लिहिलेला?

आर्ने : तिची वही आहे इथं. तिच्या नावाचे सगळे आहेत. माझ्या नावाचा एकही नाही.

रोक्सॅन : मग 'विसरलो' म्हणा. कंपनी एक प्रश्न विचारते, खातं उघडताना घातलेला. तीन वेळा चुकलात तर कुलूप.

आर्ने : विचारतंय. 'पहिल्या पगाराचं काय केलं?'

रोक्सॅन : सोपं आहे. तुमचाच पगार.

आर्ने : आईला कोट घेतला. लिहितो, कोट. ... नाही म्हणतंय.

रोक्सॅन : आईचा कोट, असं लिहून बघा. सावकाश.

आर्ने : नाही.

रोक्सॅन : एकच राहिला. आर्ने, आता घाई करू नका.

आर्ने : कोटाची गोष्ट मी लग्नाआधी तिला सांगितली होती. पुढं चाळीस वर्षं तीच सांगत आलो. पाहुण्यांसमोर ती स्वतः सांगायची, माझ्या नवऱ्यानं पहिल्या पगारात आईला कोट घेतला.

रोक्सॅन : आणि खरं?

आर्ने : खरं म्हणजे पत्त्यांत घालवला. कामगारांच्या बराकीत, एका बैठकीत. हे जगात कोणालाही माहीत नाही. एका भावाला माहीत होतं, तोही वारला. लिहू?

रोक्सॅन : तुमचा प्रश्न आहे तो.

आर्ने : पत्ते. ... उघडलं.

रोक्सॅन : उघडलं?

आर्ने : तिला माहीत होतं. कोटाची गोष्ट सांगायची तेव्हाही माहीत होतं.

रोक्सॅन : या आत. नव्या बाहुल्यातून निघा, जुन्यात या.

(ओट्यावर पांढऱ्या मिशीचा माणूस उमटतो.)

रोक्सॅन : आलात. मला जरा... एक मिनिट द्या. हा तोच आहे.

आर्ने : इथं वर लिहिलंय, मागची भेट आठ मार्च, दुपारी.

रोक्सॅन : आदल्या दिवशी.

आर्ने : आठ तारखेला ती हॉस्पिटलात होती. मांडीवर टॅब्लेट घेऊन. मी तिच्या खाटेला टेकून शब्दकोडं सोडवत होतो. हाताच्या अंतरावर. आणि ती इथं मला आणून बसवत होती.

रोक्सॅन : एक सांगायचंय. राहवत नाही म्हणून. माझी बहीण गेली त्या वर्षी मी रोज इथं यायचे. लेम्पी नसली की तो एकटाच असायचा. त्याच्याशी मी सगळं बोलले. मोंक्टनमध्ये, माझ्या गावात, जिवंत माणसाशी बोलले नाही ते. वर हेही म्हटलं, तुझी बायको फार हट्टी आहे, तूच कोपरा विकून टाक, तिला नंतर सांगू. दोनदा म्हटलं.

आर्ने : मी काय म्हणालो?

रोक्सॅन : 'तिला विचारून सांगतो.'

आर्ने : मग?

रोक्सॅन : दुसऱ्या दिवशी लेम्पी नाही म्हणायची. चेहरा अगदी सरळ ठेवून. बाहुलीच ती, चेहरा सरळच राहणार, पण तरी.

आर्ने : गोड बोलायचा का तो? तिच्याशी?

रोक्सॅन : तो? छे. 'हं.' 'बरं.' 'असेल.' ती पानभर लिहायची आणि हा 'हं'. मी तिला म्हटलंही एकदा, कसं काय राहतेस गं या ठोंब्यापाशी. म्हणाली, ऐकत असतो तो.

आर्ने : तिला पाहिजे ते बोलवून घेता आलं असतं माझ्याकडून.

रोक्सॅन : हो. टाइप तीच करत होती.

आर्ने : आणि तिनं 'हं' लिहिलं.

रोक्सॅन : अडीच वाजत आले. सभासदाचं उरका. तुमचाच तो नवा बाहुला घ्या दुसरा म्हणून. समुद्रात पडणारा. बाहेरच्या कोणाची गरज नाही.

आर्ने : मी एकाहत्तर वर्षांचा आहे. दोन्ही सभासद एकदमच मरतील.

रोक्सॅन : मुलगी? भाचा?

आर्ने : भाचा विकेल. कसं टाइप करायचं तुमचं नाव? पेल्तिए.

रोक्सॅन : शहाणे आहात का? सात वर्षं मी या कोपऱ्यावर डोळा ठेवून आहे. हा मिळाला की सोळाचे सतरा होतात आणि सगळा किनारा एकसंध. भाव दुप्पट होतो. गिऱ्हाईक तयार आहे माझ्याकडे, कॅल्गरीचं.

आर्ने : हे तुम्ही मघाशीही सांगितलंत. चोर असं दोनदा सांगत नाही. गेलं का निमंत्रण?

रोक्सॅन : आलं. पण हे मालकाचे हक्क आहेत, आर्ने. नुसता सभासद केला असता तरी भागलं असतं. या हक्कानं मी आज संध्याकाळी हा प्लॉट विकू शकते. तुम्हाला न विचारता.

आर्ने : वाचलं मी. खाली बारीक अक्षरात आहे. तीस वर्षं काटा वाचलाय.

रोक्सॅन : मग दिलेत कशाला?

आर्ने : ज्याला विकताच येत नाही त्यानं राखलं, तर त्यात राखणं कुठलं?

रोक्सॅन : ... घेतलं. ग्रुपमध्ये आता तीन नावं दिसतायत. लेम्पी, आर्ने, रोक्सॅन.

आर्ने : तीनला दोन दिसतील.

रोक्सॅन : हो. तिचं करडं झालंय आधीच. चला, आत घर दाखवते तुम्हाला. स्वयंपाकघरात वाफेची खोली केलीय तिनं, सगळा किनारा हसला होता.

आर्ने : आज नको. उद्या बघीन, एकटा. नाव जाताना मला बघायचं नाही. मी उठतो आता.

रोक्सॅन : मग मीही निघते. माझं गिऱ्हाईक ताटकळलंय.

आर्ने : रोक्सॅनबाई.

रोक्सॅन : बोला.

आर्ने : तीन वाजून जाईस्तोवर बसाल का इथं? त्या वेळी घर एकटं नको.