निरोप आधी, ओळख नंतर

समारंभाच्या अध्यक्षा डॉ. सुचित्राताई, आजचे सन्माननीय पाहुणे आणि माझे मित्र श्री. हान इन-ग्यू, त्यांच्या शेजारी बसून माझं मराठी इंग्रजीतून त्यांच्या कानात घालणारी आपली दीपा, आणि गाडीवरचा बर्फ खरवडून ॲन आर्बरच्या या हॉलपर्यंत आलेल्या रसिकहो,

मी निवृत्त शाळामास्तर. तीस वर्षं कविता शिकवली, त्यामुळे थोडक्यात बोलायची सवय नाही. आमच्या संजीवनं निघतानाच बजावलंय, "बाबा, पाच मिनिटं. आणि प्लीज, कविता नको."

श्री. हान यांनी सोलमध्ये सात सिनेमे केले, सातही प्रेमाचे. पुढे लोकांना मारामाऱ्या आवडू लागल्या, निर्मात्यांचे फोन थांबले आणि ते इथे अमेरिकेत मुलीकडे आले. मीही मुलाकडे आलेलो. एकाच बसस्टॉपवर आम्ही दोन हिवाळे शेजारी बसलो. बोललो मात्र नाही. का? तर ओळख करून देणारं कुणी नव्हतं! आमच्या पिढीला मधे तिसरा माणूस लागतो. त्यांचंही तसंच होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या हिवाळ्यात मी बसची वाट बघत शाळेतली एक कविता पुटपुटत होतो. थांबलो, तर ते म्हणाले, "पुन्हा म्हणा." कळला नव्हता त्यांना एकही शब्द. त्या दिवशी आम्ही तीन बस सोडल्या.

मागच्या गणेशोत्सवात माझी एकांकिका त्यांनी बसवली, ती आपण पाहिलीतच. पण तालमी पाहिल्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी नायक-नायिकेला, म्हणजे विक्रम आणि दीपाला, शेवटचा, ताटातुटीचा प्रवेश करायला लावला. दोघं नुसती हसत होती. दीपानं विचारलं, असं उलटं का? ते म्हणाले, "आज तुम्ही अनोळखी आहात. निरोपाला तेवढं अंतर लागतं. पहिली भेट आपण शेवटच्या दिवशी करू."

सातही सिनेमे त्यांनी असेच केले. आणि शेवटच्या तालमीला काय झालं? पहिल्या भेटीचं साधं वाक्य, पण दीपाच्या तोंडून फुटेना. उद्यापासून तालीम नाही, हे तिच्या डोळ्यांत आपोआप आलं होतं.

आता सोलहून एका तरुण निर्मात्याचं पत्र आलंय. आठवा सिनेमा. परवा त्यांचं विमान. मी एकदाही म्हटलं नाही की राहा. कसं म्हणणार? ज्याची वाट त्यांनी इतकी वर्षं पाहिली, ते दार उघडलंय. पण आमचं दोघांचं वय पाहता पुन्हा भेट होईल, असं मास्तरला खोटं सांगता येत नाही. बसस्टॉपवरचं ते बाक, रसिकहो, फार लांब आहे हो एका माणसाला.

मंडळानं मला बोलू दिलं, त्याबद्दल ऋणी आहे. पाचाची सात मिनिटं झाली, ती संजीवनं पोटात घालावी. ते दोन मुके हिवाळे मात्र, हानसाहेब, तुम्हीच पोटात घाला.

दीपा, पुढचं वाक्य तू इंग्रजीत सांगू नकोस. शेवटच्या तालमीला तुझ्याकडून त्यांनी ते चाळीस वेळा म्हणवून घेतलंय, त्यांना पाठ आहे.

नमस्कार. आपण इथे नवीन का? मी पुरुषोत्तम. शेजारीच राहतो.