छातीतला आवाज

बारावीतली गारम काल सराव परीक्षेत बेशुद्ध पडली. आज देगू शहरातल्या बसमध्ये, माझ्या पुढच्या सीटवर मैत्रिणीला सांगताना, ती पडलीच नव्हती.

“पेन्सिल उचलायला वाकले होते, सोल्बी.”

“दोन सरांनी तुला उचललं. पेन्सिल तिथेच राहिली. आईला सांग ना!”

“सांगितलं तर देवळात अजून नमस्कार घालेल. आधीच गुडघे गेलेत तिचे.”

“पण होतं काय तुला?”

“ऐकून उत्तरं लिहायचा इंग्रजीचा भाग सुरू झाला, की छाती इतकी धडधडते, प्रश्नच ऐकू येत नाहीत.”

“अगं, परवा विद्यापीठ प्रवेशाची खरी परीक्षा!”

“तेव्हा त्या ऐकायच्या भागापुरती देशभरातली विमानं थांबवतात ना, आवाज नको म्हणून?”

“मग?”

“अर्ज करते. ‘महोदय, विमानांसोबत माझ्या हृदयाचे ठोकेही तेवढा वेळ स्थगित ठेवावेत, ही नम्र विनंती.’”