अम्माचा अडलेला शब्द

मानसशास्त्राचा विषय काढलात म्हणून सांगतो. कुंभकोणमला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो तेव्हा. उपयोजित मानसशास्त्राच्या सरांनी घरच्या माणसावर एक प्रयोग करायला सांगितला. आपण एक शब्द म्हणायचा आणि समोरच्यानं मनात पहिला येईल तो शब्द सांगायचा. जिथे माणूस अडेल, तिथे त्याचं दुखणं दडलेलं असतं म्हणे.

मी गावातल्या मेलकावेरी भागातल्या आमच्या घरी अम्मालाच धरून बसवलं. ती अप्पांसाठी विड्याची पानं पुसत होती.

"कावेरी?"

"पाणी."

"चूल?"

"धूर."

"सीता?"

अम्मा गप्प. मान खाली, पान तसंच हातात. आमच्या आयुष्यात सापडलेलं हे पहिलंच दुखणं, मी हरखून गेलो. गंभीर आवाजात म्हटलं, "अम्मा, मनात काही सलत असेल तर मोकळेपणानं सांग."

ओसरीवर अप्पांना हसता हसता ठसका लागला. म्हणाले, "अरे शहाण्या, तुझ्या बापाचं नाव काय?"

रामचंद्रराव. लग्न झाल्यापासून अम्मानं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. देवळातल्या रामालासुद्धा ती 'धनुष्यवाला' म्हणायची.

पुढे अप्पा गेले. त्यानंतर मी सुट्टीत घरी आलो, तर अम्मा सवयीनं पानं पुसत बसलेली. म्हणाली, "तुझा तो खेळ होता ना, त्यातला शेवटचा शब्द पुन्हा विचार."

"सीता?"

"राम," अम्मा लगेच म्हणाली.

मीही एक पान उचललं आणि पुसायला लागलो.