पिसं आली तरी

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर बसलेले म्हातारबा टोपलीचं झाकण सारखं उघडून आपल्या कोंबडीकडे बघत होते. शेजारी सासू-सून होत्या. सासूच्या मांडीवर पाठ उघडी पडलेली कोंबडी.

“आई, मागच्या वेळी पिसं आल्याबरोबर हिला खुराड्यात सोडायला हवं होतं.”

“सोडली की नंतर. बाकीच्या कोंबड्यांनी परत टोचून सोलून काढली.”

“महिनाभर स्वयंपाकघरात लाडावलीत. त्या ओळखतील कशा?”

“मग काय करायचं होतं?”

“टोचणारीला बाहेर काढायचं. चार दिवसांत तोरा उतरतो.”

“आपल्या घरात हा नियम नाही ते बरं. नाहीतर तू कधीच माहेरी असतीस.”

सून हसली. “काका, तुमचीला काय झालंय? पिसं तर छान आहेत.”

“आता आलीत. हिलाही टोचत होत्या.”

“मग अजून घरात का ठेवलीय?”

“बायको गेल्यापासून घरात तेवढाच आवाज आहे.”

सासू म्हणाली, “दादा, जितक्या उशिरा सोडाल तितका जास्त मार खाईल.”

“खरंय. जातो, उजेड आहे तोवर सोडतो.”

म्हातारबा उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन टोपली मांडीवर घेऊन बसले.

“तुम्ही जा आधी,” ते म्हणाले. “मी एकदा डॉक्टरांनाही विचारून घेतो.”